ढिल्या स्टिअरिंगने धुळ्याला

गाडी चालवायला न शिकता मी धुळ्यापर्यंत कसा गेलो, ते चहा येईपर्यंत सांगतो.

शेजारच्या नानांच्या जुन्या पिकअपचं स्टिअरिंग फार ढिलं झालं होतं. त्यांच्या मुलानं बजावलं होतं, "यंदा ही भंगारात द्या." म्हणून नाना मला सोबत घेऊन जळगावात भिका मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री गाडीखाली शिरला आणि मला म्हणाला, "आबा, वर बसा आणि स्टिअरिंग हळूहळू डावं-उजवं करा."

मी बसलो. काचेपलीकडे लिंब डुलत होता. बघता बघता एरंडोल मागे पडलं, पारोळ्याचा किल्ला गेला, दोन्हीकडे कपाशी पांढरी झाली.

"आबा, फिरवा ना!" खालून मिस्त्री ओरडला.

"फिरवतोय की!"

"खाले काहीच हालत नही!"

कचेरीत मी तीस वर्षं हेच पाहिलं. वर साहेब जोरात फिरवायचे, खाली कागद हलायचा नाही.

नाना वाकून म्हणाले, "भंगारमाच जाई का रे?"

"नही नाना. दांड्याना एक जॉइंट झिजेल शे, बाकी बठ्ठं ठीक शे."

एकच जॉइंट झिजला होता, बाकी सगळं ठीक होतं. नानांनी बॉनेटवरची धूळ बाहीनं पुसली. "आबा, उतरा आता."

"जरा थांबा," मी म्हणालो, "धुळं आलंच आहे."