ब्रुनोने गाडी का थांबवली

मालतीताई, ब्रिस्टलच्या आपल्या मंडळातली सगळी मंडळी, आणि काळे टाय लावून पुढे बसलेले रॅली टीमचे पाहुणे. बोलणं जड जातंय. दुःखाने जातंय आणि रागानेही. राग जरा आवर, असं येताना काही जणांनी सांगितलं. मला ते जमणार नाही.

ब्रुनो आपला जावई, आपल्या नर्स मालतीताईंचा नवरा. वरणभातावर चीज किसून घेणारा इटालियन जावई. तुम्ही हसायचात, तो आणखी किसायचा. पण ड्रायव्हर म्हणून तो काय चीज होता, हे किती जणांना ठाऊक आहे? साठच्या दशकातली कैक वर्षं मी त्याच्या शेजारी मांडीवर नकाशा घेऊन बसलो. समोर नुसतं धुकं असायचं. मी 'डावीकडे' म्हणालो की तो गाडी डावीकडे घालायचा. एवढा विश्वास घरचेही ठेवत नाहीत.

वेल्सच्या जंगलात त्या दिवशी वेळेच्या हिशोबात आम्ही पहिले होतो. आमच्याआधी सुटलेली आमच्याच टीमची गाडी चरात उलटलेली दिसली. ब्रुनोने ब्रेक मारला. रॅलीत घड्याळ कुणासाठी थांबत नाही. मी म्हटलं, "ब्रुनो, रॅली हातची जातेय." तो चिखलात बसून त्या ड्रायव्हरची मान दोन्ही हातांनी धरून होता. म्हणाला, "जाऊ दे. मालती सांगते, मान हलू द्यायची नाही." अँब्युलन्स येईपर्यंत तो तसाच बसून राहिला.

आणि मॅनेजरसाहेबांनी पेपरवाल्यांना काय सांगितलं? इटालियन माणूस, धुक्याला घाबरला. मी खरं सांगायला गेलो, तर म्हणाले, नेव्हिगेटर मित्राचीच बाजू घेणार. पुढच्या सीझनला ब्रुनोला काढलं. मग कुणीच घेतलं नाही. घाबरट ड्रायव्हरला गाडी कोण देतं?

मी चिडायचो. तो म्हणायचा, "ज्याची मान धरली, तो बोलेल." गॅरेजमध्ये दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पडून, त्या दुरुस्त करत त्याने वाट बघितली. तो माणूस चॅम्पियन झाला, बोलला नाही. मुलाखती दिल्या, बोलला नाही. आणि परवा गॅरेजमध्येच ब्रुनोचं हृदय बंद पडलं.

आज ते दोघे, मॅनेजरसाहेब आणि तो चॅम्पियन, इथे आहेत. पुष्पचक्र आणलंय, त्यावर लिहिलंय, 'आमचा ब्रुनो'. तुमचा? कधीपासून? त्यांना मराठी कळत नाही. म्हणून हेच सगळं मी आता इंग्लिशमध्ये सांगणार आहे, एकही शब्द मऊ न करता. मालतीताई हो म्हणाल्यात.

त्यानंतर आपण ब्रुनोसाठी उभे राहून स्तब्धता पाळू. त्या दोघांनी उठायची गरज नाही. त्यांचं गप्प राहून झालंय.