पडद्यापलीकडची सुमन

परवा काय मजा झाली, सांगते. बोईसरला फिजिओथेरपीला गेले होते. खांद्यावर गरम शेकाची पिशवी ठेवून पालथी पडले होते, तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला, "बाय, ही पिशवी हाय का इस्तरी?"

मी ओरडलेच, "सुमन!"

कुंभवलीच्या कारखान्यात आम्ही दोघी एकाच डब्यातून जेवायचो. लग्न होऊन ती गेली, ती पुन्हा भेटलीच नाही.

"उठू नका, शेक पडेल!" डॉक्टरीणबाई दटावत होत्या. मग पडद्याआडूनच गप्पा झाल्या, हसणं झालं, थोडं रडणंही झालं.

शेवटी बाईंनी पडदा सारला. पिकल्या केसांच्या आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

सुमन म्हणाली, "पडदा लाव गो बाय. आतापर्यंत आमी दोघी पोरी होतो!"