डाल्याखालचा पावशा

हासू नका लेकहो, पण मी असा हबकलो व्हतो की दिवसभर मले पाणी गोड लागलं नाई. पोरानं नव्या खोलीच्या खिडकीले काळी काच बसवली, अन् तिच्यात सारं आभाळ दिसे. एका सकाळी धाडकन आवाज आला. पाह्यलं तं खिडकीखाली राखी रंगाचं पाखरू मान टाकून पडेल.

बायको म्हणे, "अवो, हा तं पावशा! 'पेरते व्हा' म्हणून आपल्याले सांगतो तो. दारात मेला तं पाप लागन."

म्या त्याच्या चोचीत दोन थेंब पाणी सोडलं. जरासा हालला. आंगणात मांजर फिरून राह्यली व्हती, म्हणून म्हटलं, याले डाल्याखाली झाकू. बांबूचं डालं घरात एकच, अन् त्याच्याखाली बायकोनं जीव लावेल कोंबडीचे सहा पिल्लं.

"ठेवा," बायको म्हणे, "बिचाऱ्याले सोबत व्हईन."

थोड्या वेळानं आतून मोठी चिवचिव सुरू झाली.

"पाहा, आला शुद्धीवर! बोलून राह्यले एकमेकाइसंग."

मंग एकदम सामसूम. म्या डालं उचललं अन् ते हातातच राह्यलं. पावशा कुठचा, कोंबड्या मारणारा शिकरा व्हता तो! दोन पिल्लं फाडून टाकेल, तिसरं पायाखाली. लाल डोळ्यानं त्यानं माह्याकडं शांतपणे पाह्यलं, अन् तिसरं घेऊन उडाला.

मले वाटलं, आता बायको बोंब मारन. ती खाली बसली, उरलेले तीन पिल्लं पदरात घेतले अन् हळूच म्हणे, "जाताना किती पाह्यलं हो तुमच्याकडं. उपकार नाई विसरला तो."