चौथा आवाज

(बरकतपुऱ्यातलं घर. दीक्षाच्या कॉम्प्युटरसमोर तिचे वडील किशनराव आणि आई पंचफुला.)

किशनराव : म्हणजे मी चार आवाजांत बसवलेली वंदना आता साऱ्या दुनियेला फुकट?

दीक्षा : हौ बाबा. ही इंटरनेटवरची लायब्ररीच तशी आहे. लोक समूहगीतांची नोटेशन्स टाकतात, ज्याला पाहिजे त्यानं उतरवून घ्यावं. मी कुकटपल्लीत नोकरीला लागले तेव्हा मोजकी गाणी होती. आता हजारो झाली.

किशनराव : एवढं टाइप कोण करतं?

दीक्षा : कोणी मास्तर, कोणी नर्स. ड्युटीवरून आले की बसतात. पगार नाही, काही नाही.

किशनराव : कमाल आहे बाप्पा! पोलीस बँडात आम्ही एक पान उतरवायचं तर आधी चहा मागायचो.

पंचफुला : आणि तुमचं पान तरी पुरं कुठं असतं? गौलीगुड्याच्या गायन पार्टीला तीन आवाज लिहून दिले, चौथा ठेवला पोटात.

किशनराव : म्हणून तर दर जयंतीला चौथा गायला मला बोलावणं येतं. सगळं कागदावर उतरलं तर या म्हाताऱ्याला कोण विचारतो?

दीक्षा : मी तेच पान टाकलं, बाबा. चौथी ओळ रिकामी. खाली लिहिलं, हा आवाज माझ्या वडिलांकडे, हैदराबादच्या किशनरावांकडे आहे.

किशनराव : मग बसा म्हणावं आता! गाऊन दाखवा!

दीक्षा : गायले ना. फिनलंडमधल्या एका बाईंचा मेल आलाय. त्यांच्या गावातल्या मंडळींनी गायलं.

किशनराव : चौथा आपल्या मनानं भरला असेल. कसला भरणार? सगळा बट्ट्याबोळ.

दीक्षा : नाही भरला. त्या म्हणतात, ज्याचा आहे त्यालाच विचारायला हवं. चौथ्या आवाजाची माणसं रांगेत नुसती उभी राहिली, तोंड मिटून.

किशनराव : अख्खं गाणंभर?

दीक्षा : अख्खं गाणंभर. आधी लोकांना सांगितलं, ही जागा हैदराबादच्या किशनरावांची आहे.

पंचफुला : अहो, ऐकलंत का? तिकडं तुमचं नाव घेतलं.

किशनराव : ऐकलं गं. इथं मला कोणी विसरू नये म्हणून मी सूर दाबून ठेवला. आणि तिकडं, न पाहिलेली माणसं माझी जागा राखून उभी राहिली.

पंचफुला : पण उद्या गौलीगुड्याचं बोलावणं बंद झालं तर?

किशनराव : तर समोर बसून ऐकीन. दीक्षा, घे लिहून. त्या बिचाऱ्यांना अजून किती वेळ उभं ठेवायचं?