तळ न पाहिलेला तुकडा

अध्यक्षस्थानी असलेल्या सन्माननीय अधिष्ठाता बाई, व्यासपीठावरचे अधीक्षक साहेब, माझे जुने सहकारी, प्रयोगशाळेतली तरुण मंडळी, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू आणि ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण आज जमलो ते आपले उभेकाका, सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालक बाईंनी हे दोनदा बजावलं, म्हणजे निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी माझी ख्याती टिकून आहे तर! बाई, आज थोडं सांभाळून घ्या.

मघाशी एका मुलीने छान सांगितलं, की काका त्वचेच्या प्रत्येक काचपट्टीला हाताने लिहिलेली चिठ्ठी लावतात. चिठ्ठीवर एकच शब्द, ‘उभा’. त्यावरून त्यांचं हे नाव पडलं. तुम्ही सगळे हसलात. हसण्यासारखंच आहे ते. पण ही चिठ्ठी कधी सुरू झाली, हे तुमच्यापैकी कोणाला ठाऊक आहे का? नसणारच. ठाऊक असलेले दोघेच, आणि दोघेही या व्यासपीठावर आहेत.

ज्यांचा आमच्या कामाशी संबंध नाही, त्यांच्यासाठी सांगतो. त्वचेवरची गाठ काढली की तो तुकडा आमच्याकडे येतो. काका तो मेणात बसवतात, त्याचे पातळ काप काढतात आणि मी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. तुकडा मेणात उभाच बसवायचा. केक उभा कापला तरच त्याचे थर दिसतात ना, तसंच. कारण साधी चामखीळ आणि त्वचेचा कर्करोग, काही वेळा वरून अगदी सख्खी भावंडं वाटतात. तीच जाडी, तोच खरखरीत थर. फरक सगळा तळाशी. निरुपद्रवी गाठ आपल्या जागी वाढते. दुसरी मुळं खाली सोडते.

सव्वीस वर्षांपूर्वी एक घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ आले. उजव्या हाताच्या पाठीवर वाटाण्याएवढी गाठ. मी काचपट्टी पाहत होतो, तेवढ्यात काका दारात येऊन म्हणाले, “डॉक्टर, तो तुकडा मेणात आडवा पडलाय. वितळवून उभा करतो, अर्धा तास द्या.”

मला परिषदेला निघायचं होतं. गाडी खाली थांबली होती. मी म्हणालो, “अहो, चामखीळ आहे ती! आता तुम्ही मला शिकवणार का?”

तळ न पाहता मी अहवालावर सही केली.

घड्याळवाले अहवालाच्या खिडकीपाशीच उभे होते. मी जाता जाता त्यांना सांगितलं, काळजीचं काही नाही. ते खूश झाले. म्हणाले, “पुन्हा दाखवायला यायला हवं का?” मी म्हणालो, “कशाला?” हा ‘कशाला’ मला अजून ऐकू येतो. दाढी करताना येतो, नातीला गोष्ट सांगताना येतो.

गाठ परत आली. तेही परत आले असते, पण मीच नको म्हणालो होतो. चौदा महिन्यांनी त्यांच्या काखेतली गाठ आमच्याकडे आली. मी पाहिलं तर आत त्वचेच्या पेशी, जिथे त्यांचं काहीच काम नाही तिथे, गोल गोल घोळके करून बसलेल्या. मी नाव वाचलं. मग काकांनी जुना तुकडा काढला, वितळवला, उभा केला, कापला. तळाशी मुळं होती. पहिल्या दिवसापासून होती.

ते गेले. चौकशी बसली. समितीने काकांना विचारलं, “तुकडा आडवा पडलाय, हे डॉक्टरांना सांगितलं होतं?” काकांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी समोरच्या फाइलीची नाडी सोडत आणि बांधत बसलो. मग काका म्हणाले, “नाही.”

त्यांच्या सेवापुस्तकात ठपका आला. वरिष्ठ तंत्रज्ञाची जागा दुसऱ्याला मिळाली. घड्याळवाल्यांच्या पत्नी खिडकीशी येऊन काकांना नको नको ते बोलल्या, आणि काका हात जोडून ऐकत राहिले. मी दाराआड होतो. मी बाहेर आलो नाही हो!

दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठी सुरू झाली. अठरा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, मी ती रोज वाचली. मला वाटायचं, हा माणूस मला टोचतोय. परवा धीर करून त्यांच्या घरी गेलो आणि विचारलं. काका म्हणाले, “टोचायचं कशाला? पुन्हा कोणाचा राहून जाऊ नये म्हणून लावत होतो.” मी विचारलं, मग समितीपुढे ‘नाही’ का म्हणालात? तर म्हणाले, “तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो. तुम्ही बोलला नाहीत. मग मला तुमची दयाच आली.”

अधीक्षक साहेब, सगळी हकीकत लिहून, खाली सही करून मी सकाळी तुमच्या टेबलावर ठेवली आहे. तो ठपका काकांच्या नावावरून काढून माझ्या नावावर लिहा. काकू, तुमच्या नवऱ्याने काही चुकवलं नव्हतं. तुकडा आडवा पडल्याचं त्यांनी वेळेवर सांगितलं होतं.

तिसऱ्या रांगेत घड्याळवाल्यांच्या कन्या बसल्या आहेत. त्यांनाही मी परवाच सगळं सांगितलं. त्यांनी मला माफ केलं नाही, आणि ते योग्यच आहे. फक्त दार लावताना म्हणाल्या, “आई त्या काकांना फार बोलली होती. आता आई नाही, मीच येते.” काका, त्या तुमच्यासाठी आल्या आहेत.

संयोजकांचे आभार, तुम्ही शांतपणे ऐकलंत त्याबद्दल तुमचेही. बोलताना काही चुकलं असेल तर पोटात घाला, असं म्हणून खाली बसायची रीत आहे. माझं आजचं बोलणं चुकलं असेल तर खुशाल रागवा. त्या दिवशी समितीपुढे बोललो नाही, त्याची मी माफी मागतो.