सिद्धेशच्या नावाचं गाऱ्हाणं

...आणि वर मला म्हणतो काय, "सत्यवानदादा, तू मनाक लावून घेव नको!" मनाला नको लावून घेऊ? मग कुठे लावू, भिंतीला? आठ महिने डोळे फोडून लिहिलेली फाईल माझी, त्यातली दोनशे चौदा ओळींतली ओळ न् ओळ माझी, आणि सगळ्यात वर नाव कुणाचं? सिद्धेशचं! म्हणजे पोळी माझी, तूप माझं, ताट माझं आणि ढेकर देणार हा!

थांबा, थांबा. पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ आल्या आल्या कुणाशी भांडतोय. मी सत्यवान. गाव कट्टा. नोकरी मालवणात, परशुरामशेठांकडे. शेठांच्या बोटी आहेत, पाण्याखाली मासे दाखवायचा धंदा आहे, आणि सगळं बुकिंग ऑनलाइन. म्हणजे घाटावरचा पाहुणा तिकडे सोफ्यावर लोळत बटण दाबतो आणि इकडे बोटीत त्याची जागा पक्की. आता ही जागा कुणाची, हे लक्षात कोण ठेवणार? सर्व्हर! तोही साधासुधा नाही, तोंडपाठवाला. वहीत लिहीत बसायचं नाही, सगळं डोक्यात ठेवायचं. विचारलं की फाडकन उत्तर! कारण वही उघडा, पान शोधा, बोट फिरवा, तेवढ्यात पाहुणा दुसऱ्याच्या बोटीत जाऊन बसतो. संध्याकाळी काय ते सगळं एकदा वहीत उतरवून ठेवायचं. असे तोंडपाठवाले सर्व्हर चौदा. आणि चौदाच्या चौदा बसवणारा, शिकवणारा, रुसले की समजूत काढणारा कोण? हा तुमच्यासमोर उभा आहे तो.

सहा वर्षं हाताने केलं हो! एकेका सर्व्हरला सांगायचं, बाबा, इतकी बुकिंगं लक्षात ठेव, डोकं भरलं तर नवीन घेऊ नको, मला हाक मार, याला दार उघड, त्याला उघडू नको... चौदा वेळा! एका ठिकाणी बोट घसरलं की बोट... म्हणजे ती पाण्यातली बोट, रिकामी जाते. शेवटी म्हटलं, पुरे. हे सगळं एकदाच लिहून काढू, आणि यंत्रालाच सांगू, तू वाच आणि तू कर.

आता हे तुम्हाला कसं समजावू... गाऱ्हाणं ऐकलंय ना? आमच्याकडे कुठलंही काम काढा, विहीर खणा, लग्न काढा, नवीन रिक्षा घ्या, आधी देवापुढे गाऱ्हाणं. म्हाताऱ्या माणसाने म्हणायचं, असं असं होऊ दे रे म्हाराजा, आणि बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" देवाला कुणी सांगतं का, आधी डावा हात हलव, मग उजवा हलव? नाही! काय होया ते सांगायचं, कसं करायचं ते त्याचं तो बघतो. माझी फाईल तशीच. चौदा सर्व्हर असे असे असू देत, आणि यंत्र म्हणतं, "व्हय म्हाराजा!" वर मी त्यात आणखी एक लिहिलं, की दर अर्ध्या तासाने जाऊन बघ. कुणी काय इकडचं तिकडे केलं असेल तर लिहिलंय तसं परत करून ठेव. "व्हय म्हाराजा!" आणि तुला कुणी बंद केलं तर आपला आपण परत सुरू हो. कारण सिद्धेशला सवय! घाबरला की दिसेल ते बंद करत सुटतो. "व्हय म्हाराजा!"

सिद्धेश कोण म्हणता? शेठांचा भाचा. बांद्याचा. पुण्यात तीन वर्षं राहून आला आणि तेव्हापासून 'हो' म्हणायचं सोडून 'येस, डन' म्हणतो. आठ महिने माझ्या खुर्चीमागे उभा राहून चहा प्यायला. शेवटच्या आठवड्यात म्हणाला, "दादा, फाईल एकदा बघूक दी." दिली. त्याने बघितली. वरच्या ओळीतलं माझं नाव पुसलं, स्वतःचं लिहिलं आणि मामासमोर जाऊन उभा राहिला. मामा काय, गहिवरले! आमचो भाचो! आमचो हुशार भाचो!

बरं, हेही गिळलं असतं मी. नोकरदार माणूस, गिळायची सवय आहे. पण फाईलच्या उद्घाटनाला शेठांनी भिकाजीतात्यांना बोलावलं गाऱ्हाणं घालायला. आणि मी गाढव, हे फाईलचं प्रकरण कळायच्या आधीच आयेला सांगून बसलेला, की आये, गाऱ्हाण्यात माझं नाव घेणार आहेत! आमची आये, काशीबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून, आबोलीचा वळेसर माळून, कट्ट्याहून सकाळच्या एसटीने मालवणात हजर. पहिल्या रांगेत बसली. तात्यांनी नारळ हातात घेतला...

"बा देवा म्हाराजा! आज तुज्या ह्या लेकरान, सिद्धेशान, चवदा यंत्रांचो कारभार एका हुकमार आणलेलो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येका येश दी, त्येचा नाव मोठा कर..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण त्येच्या वाटेत आडवो येतलो, त्येका तुजो इंगो दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि तुम्हाला सांगतो, हे शेवटचं सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं असेल? मी! तोंडाला सवय हो! तात्यांनी श्वास घेतला की तोंड आपोआप उघडतं! माझ्याच नरड्याने मी मला शाप दिला!

आणि मग आये हळूच माझ्या कानाशी, "रे सत्यवाना, तुजा नाव कधी घेतले? माका जरा आयकाक कमी येता, माजा लक्ष चुकला काय?"

काय सांगू तिला? म्हटलं, "घेतल्यांनी आये. मधीच घेतल्यांनी." तर ती खूश. प्रसादाचा नारळ ओटीत घेऊन, परतीच्या एसटीत खिडकी पकडून बसली, आणि अख्ख्या बसला सांगत गेली असणार की झिलाचं, म्हणजे लेकाचं, नाव देवापुढे घेतलं. तेव्हा माझं डोकं फिरलं. वाईट वाटलं, राग आला, रडूसुद्धा आलं असतं, पण मी म्हटलं, रडायचं नाही. सूड घ्यायचा. सूड म्हणजे सूड!

आणि संधी कशी चालून आली बघा. त्याच दुपारी सिद्धेश म्हणाला, "दादा, चार वाजेपर्यंत फाईलच्या चाव्या माझ्याकडे दे, पासवर्ड बदलून टाकूया. यापुढे फाईलला हात फक्त माझा. येस?" मी म्हटलं, डन! आणि चाराला दहा कमी असताना एक ओळ बदलली. एकच. आधी होतं, दहा हजार बुकिंगं लक्षात ठेव, भरलं तर मला हाक मार. मी दोन शून्यं उडवली. शंभरच ठेव. एकशे एकावं आलं की हाक मारू नको, सगळ्यात जुनं फेकून दे! यंत्र काय म्हणालं? "व्हय म्हाराजा!" चारला चाव्या दिल्या. हात धुतले. भजी खाल्ली.

माझा बेत सरळ होता. आडदिवसांत शंभरसुद्धा बुकिंगं होत नाहीत, कुणाला पत्ता लागणार नाही. डिसेंबरचा शेवटचा रविवार आला की गर्दी होईल, सिद्धेशची तंतरेल, शेठ धावत माझ्याकडे येतील, सत्यवाना वाचव! मी दोन मिनिटं मुद्दाम पाणी पिणार, मग एक बटण दाबणार, सगळं जाग्यावर, आणि मग विचारणार, शेठ, आता सांगा, ही फाईल कुणाची? पाहुण्यांचं काय होईल हे मनात आलं का? आलं. खोटं कशाला बोलू. पण सुडाचं भूत डोक्यात शिरलं ना, की पाहुणे बारीक दिसायला लागतात.

तो रविवार म्हणजे आजचा! सकाळी नऊला जेटीवरून संचिताचा फोन. ती तिथे तिकिटाच्या खिडकीत बसते. "दादानू, कोल्हापूरची नव माणसा इली हत! हप्त्याआधी बुकिंग केलेला, हातात पावती आसा, आणि आमच्या यंत्रात त्येंचा नावच नाय! आणि काल राती बटण दाबलेले त्येंच्या जाग्यार जावन बसले!"

मला आतून गुदगुल्या. विचारलं, "सिद्धेश खंय आसा?"

"शेठांवांगडा खाली."

"खाली खंय?"

"पाण्याखाली दादानू! बोट घेवन लांब मासे बघूक गेलेत, साडेअकराक येतले!"

घ्या! ज्याच्यावर सूड घ्यायचा तो मामासोबत माशांना टाटा करतोय, आणि फाईलच्या चाव्या त्याच्या फोनमध्ये, आणि फोन बोटीवर सुक्या पिशवीत! ठीक आहे, म्हटलं, शेठ वर आले की कळेलच. गेलो जेटीवरच्या ऑफिसात, बसलो, बोटं मोडली, फाईल नाही तर नाही, सर्व्हरांच्या चाव्या होत्या माझ्याकडे, आणि सहा वर्षांच्या सवयीने एकेका सर्व्हरवर शिरून हाताने शंभरचे दहा हजार केले. चौदाच्या चौदा! पंचवीस मिनिटांत! संचिताकडून कोल्हापूरकरांची नावं परत चढवली, बाहेरून त्यांच्या आजोबांनी हात जोडले. काय सांगू तुम्हाला, छाती अशी फुगली! म्हटलं, येऊ दे आता वर त्या बेडकाला!

तेवढ्यात अर्धा तास झाला.

यंत्र आलं. बघितलं. कुणीतरी शंभरचे दहा हजार केलेत! छे छे छे! लिहिलंय काय? शंभर! "व्हय म्हाराजा!" कोल्हापूरकरांचं बुकिंग हप्त्याआधीचं, म्हणजे सगळ्यात जुनं, ते परत गायब! सोबत सांगलीचे सहा, इस्लामपूरचं नवीन जोडपं, आणि शाळेची एक अख्खी सहल!

अहो, हे लिहिलं कुणी? मी! विसरलं कोण? मी! सहा वर्षं हाताने केलेलं बोटांना आठवतं, आठ महिने डोक्याने केलेलं डोक्याला आठवत नाही! परत केलं हाताने. परत अर्धा तास. परत शंभर. म्हटलं यंत्रच बंद करतो. बंद केलं. आपलं आपण परत सुरू झालं! कारण तेही मीच लिहिलेलं, सिद्धेश घाबरेल म्हणून! आणि घाबरलेलं कोण? तुम्हाला सांगतो, साडेअकरापर्यंत मी एकटा माझ्याशीच लढत होतो, आणि मी लिहिलेलं इतकं चांगलं की मी प्रत्येक वेळी हरलो! बाहेर खिडकीत संचिता रडकुंडीला, कोल्हापूरचे आजोबा काठी आपटतायत, "जमंना तर दुकान कशाला मांडलंय? बोलवा त्याला, केलंय कुणी हे!"

आणि मग ते दोघे वर आले. शेठ आणि सिद्धेश. रबरी कपडे, पायात ते बदकाचे पाय, फचाक फचाक करत ऑफिसात. शेठांनी गर्दी बघितली, आणि भाच्याकडे वळले. "सिद्धेशा! ह्या काय?"

हाच क्षण होता हो! याच क्षणासाठी मी भजी खाल्लेली! पण सिद्धेश... ओल्या हाताने फोन काढला, फाईल उघडली, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावली. आता त्या फाईलमध्ये एक गंमत असते. कुठली ओळ कुणी, कधी लिहिली, त्याची नोंद शेजारी असते. नाव पुसता येतं वरच्या ओळीतलं, ही नोंद पुसता येत नाही. सिद्धेश ओरडला, "मामानू, बघा! माजा ह्येच्यात कायएक नाय! देवाशप्पत! एक वरची ओळ सोडल्यार सगळा सत्यवानदादान लिवलेला आसा! ह्या शंभराची ओळसुद्धा! तीन वाजान पन्नास मिन्टांनी!"

पडद्यावर दोनशे चौदा ओळी, आणि शेजारी खालपासून वरपर्यंत, सत्यवान, सत्यवान, सत्यवान... दारात पाऊणशे पाहुणे उभे, मोठ्याने वाचतायत. आठ महिने ज्याची वाट बघितली ते घडलं. शेठांनी विचारलं, "सत्यवाना, ह्या सगळा तू लिवलंस?" आता नाही म्हणायचं म्हणजे आठ महिने पाण्यात. म्हटलं, "होय शेठ. मीच." आणि लाज वाटली पाहिजे ना? पण आतून बरंच वाटलं हो.

मग ती ओळ सिद्धेशने पासवर्ड घालून माझ्याकडूनच बदलून घेतली, एका मिनिटात सगळं सुरळीत, पण कोल्हापूरकर चिडून एसटीत बसून निघून गेले. ती एसटी कट्ट्याला थांबते. तिथे आमची आये बाजार करून उभी. आणि बसच्या खिडकीतून आजोबा ओरडतायत, हे मला कंडक्टरनेच कळवलं, "कोण त्यो सत्यवान, समोर आला तर चांगला सोलून काढतो!"

आता आयेला ऐकायला कमी येतं. तिने नाव तेवढं ऐकलं. आणि तिचा चेहरा असा उजळला म्हणे... पुढे झाली, हात वर केला, "माजो झील! माजो झील तो!" आणि घर जवळच आसा, चला, च्या घेवन जावा, म्हणून नऊच्या नऊ जणांना तिने बसमधून खाली उतरवून घेतलंन! आत्ता फोन आलेला तिचा. सगळे पडवीत बसलेत, आजोबांची काठी मांडीवर आहे, आये तांदळाचे घावणे काढतेय, आणि म्हणते, "लवकर ये रे, तुका भेटल्याशिवाय जावचे नाय म्हणतत. केवढो मोठो मान तो!"

...म्हणून तर मघापासून तुमच्याशी बोलत उभा आहे. नाहीतर मला काय घर नाही?