चौथी सही

(परभणीचं जिल्हा न्यायालय. गरजूंना फुकट वकील नेमून देणाऱ्या कार्यालयातली खोली. टेबलाच्या अलीकडे जिंतूरचे मंडपवाले रामहरी आणि त्यांची बायको सत्यशीला, पलीकडे त्यांना मिळालेल्या वकील दीपिका.)

सत्यशीला : खरंच एक रुपया बी लागणार न्हाई? बाहेर झाडाखालचे वकील पंधरा हजार मनले.

दीपिका : नाही लागणार. बाईला वकील फुकट मिळतो, कायदाच आहे तसा. कागदांचा खर्चही इथूनच होतो.

रामहरी : पण मॅडम, धंदा माझा. गोदाम जळलं ते माझं. मंग अर्ज हिच्या नावानं कामून?

दीपिका : कर्जं त्यांच्या नावावर आहेत, दादा. कोर्टाकडून नादार, म्हणजे कर्ज फेडायची ऐपतच नाही असं, ठरवून घ्यायचं तर ज्याच्या नावावर कर्ज, त्यानंच अर्ज करायचा.

सत्यशीला : कंपन्या कर्ज बायांनाच देयलत्या ना. नादार ठरले की ते वसुलीवाले जातील? दिवसभर ओट्यावर बसून राहायलेत. पोरगी मागच्या भिंतीवरून उतरून शाळेत जायलीय.

दीपिका : दारात बसून धमकावणं आजही बेकायदा आहे. त्याची तक्रार आजच लिहू. पण अर्जाचा निकाल लागायला वेळ लागेल. तुमच्या नावाची जाहीर नोटीस निघेल. आणि सगळं देणं शपथेवर सांगायचं, एकही लपवायचं नाही. बचत गटाचं कर्ज, सही तुमची?

सत्यशीला : माझी.

दीपिका : खुर्च्यांसाठी घेतलेलं?

सत्यशीला : माझीच.

दीपिका : जनरेटरचं?

सत्यशीला : ते बी. मशीनवर अंगठा दिल्ता.

दीपिका : आणि हे चौथं, नव्वद हजारांचं?

सत्यशीला : चौथं कुठलं? तीनच हायेत.

दीपिका : हे बघा. तुमचं आधार, तुमचा फोटो, खाली सही.

सत्यशीला : ...मॅडम, मी माझं नाव चुकीचं लिहिते. शि पहिल्या वेलांटीची काढते. शाळेपासून तसंच हाय. हितं बरोबर लिहिलंय.

दीपिका : म्हणजे ही सही तुमची नाही?

सत्यशीला : हा श वळखते मी. लग्नाच्या कमानीवर हे नवरा-नवरीची नावं लिहितेत ना, त्यातला हाय. अवो, वर बगा.

रामहरी : आग लागल्यावर सोळा माणसांची मजुरी राहिल्ती. ते रोज घरी येयलते. तू नको मनली असतीस.

सत्यशीला : इचारलं का मला?

रामहरी : न्हाई.

सत्यशीला : मॅडम, माझीच हाय मनून लिहा.

दीपिका : खोटं मी लिहिणार नाही, ताई. शपथेचा कागद आहे. अडकाल तुम्ही.

सत्यशीला : मंग खरं लिहिलं तर?

दीपिका : ते कर्ज तुमच्या डोक्यावरून उतरू शकतं. पण कंपनी यांच्यावर फसवणुकीची तक्रार करू शकते. पोलीस येतील.

रामहरी : येऊ द्या. लिहा, मॅडम.

दीपिका : दादा, तुम्ही काही बोलू नका. मी त्यांची वकील आहे, तुमची नाही. तुम्हालाही इथूनच वकील मिळेल बहुतेक. पण दुसरा.

सत्यशीला : म्हंजी आमी दोघं दोन वकिलांकडं.

दीपिका : हो.

सत्यशीला : बावीस वर्सं झाली लग्नाला.

दीपिका : आज ठरवायचं नसेल तर सोमवारी या.

सत्यशीला : सोमवारपस्तोर ते ओट्यावरच बसतील. लिहा. चौथी सही माझी न्हाई.

दीपिका : दादा, तुम्ही जरा बाहेर थांबा. पुढचं मला त्यांच्याशी एकटीशी बोलायचंय.

रामहरी : बरं. सत्यशीला, मी खाली जाऊन बसतो.

सत्यशीला : खाली नगं. हितं दारासमोरच बसा. मला दिसाल असं.